साखळी दारात नको, रस्त्यावर हवी

भिलाईच्या खुर्सीपार भागात सकाळी रस्त्यावर एकच गर्दी उडते. पोलाद कारखान्यातील रात्रपाळी संपवून कुणी घरी परतत असतो, कुणी पहिल्या पाळीला निघालेला असतो. मुले दप्तर पाठीला लावून शाळेच्या वाटेला लागतात आणि जवळच्या मुंबई-कोलकाता महामार्गावरून ट्रक धावत असतात. नेमक्या याच वेळी कित्येक घरांची दारे उघडतात व पाळलेला कुत्रा बाहेर सोडला जातो. ‘बिचारा रात्रभर बांधलेला होता, जरा मोकळा फिरू दे,’ असे घरची मंडळी म्हणतात.

कुत्रा मग सायकलस्वारामागे धावतो, दुसऱ्याच्या अंगणात घाण करतो, गल्लीतल्या कुत्र्यांशी भांडतो. तासाभराने तो परत आला की पुन्हा गेटच्या गजाला दोन हात लांबीच्या साखळीने बांधला जातो, तो थेट संध्याकाळपर्यंत. म्हणजे जिथे साखळीची गरज नाही तिथे ती दिवसभर असते आणि जिथे ती हवीच तिथे नसते. हे चित्र फक्त खुर्सीपारचे नाही. नागपूर, पुणे, ठाणे, कुठेही ते पाहायला मिळते.

गावची सवय, शहरातील रस्ता

१९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. कामासाठी देशभरातून माणसे आली, त्यात विदर्भाकडील मराठी कुटुंबेही होती. गावाकडे कुत्रा शेतावर, खळ्यावर मोकळा असे. तिथे मोटारी नव्हत्या व सारे गाव त्याला ओळखत असे. क्वार्टरच्या दाटीवाटीत आणि महामार्गाच्या शेजारी मात्र ही सवय धोक्याची ठरते.

तसे पाहिले तर कुत्र्याला दोरी लावण्याची पद्धत फार जुनी आहे. सौदी अरेबियातील शुवैमिस येथील खडकांवर शिकाऱ्याच्या कमरेपासून कुत्र्याच्या गळ्यापर्यंत गेलेल्या रेषा कोरलेल्या आहेत. अभ्यासकांच्या मते ही चित्रे आठ हजार वर्षांहून जुनी असावीत. त्या दोरीने कुत्रा माणसाबरोबर चालत होता. आजही तिचे खरे काम हेच आहे.

कायदा काय सांगतो?

कुत्र्याला अवास्तव आखूड किंवा जड साखळीने अवास्तव वेळ बांधून ठेवणे, तसेच नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरायला न नेणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड जेमतेम १० ते ५० रुपये असल्यामुळे त्याची भीती कुणाला वाटत नाही, ही गोष्ट वेगळी.

याउलट, आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. थोडक्यात, घरी सतत बांधणे व रस्त्यावर मोकाट सोडणे, या दोन्ही गोष्टी कायद्याला मान्य नाहीत.

पट्टा कसा निवडावा?

दुकानात पट्टा मागितला की दोन वस्तू समोर येतात. एक गळ्यातील पट्टा आणि दुसरी हातात धरायची दोरी अथवा साखळी. दोन्ही घेताना पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

• गळ्यातील पट्टा व मान यांच्यामध्ये दोन बोटे सहज जावीत. पिल्लू झपाट्याने वाढते, म्हणून दर आठवड्याला पट्टा तपासावा. घट्ट झालेला पट्टा कातडीत रुतून जखम होते.

• फिरवण्यासाठी ४ ते ६ फूट लांबीची, नायलॉनची किंवा जाड सुती दोरी उत्तम. लोखंडी साखळी जड असते, उन्हात तापते आणि हिसका बसला तर हात सोलते. दोरी चावून तोडणाऱ्या कुत्र्यासाठी मात्र ती उपयोगी पडते.

• पगसारख्या चपट्या नाकाच्या किंवा पट्टा ओढताच खोकणाऱ्या कुत्र्याला गळ्याऐवजी छातीभोवतीचा पट्टा घालावा.

• कारवान, मुधोळ अशा आपल्याकडील शिकारी जातींचे डोके निमुळते असते. साध्या पट्ट्यातून ते मान काढून घेतात. त्यांना रुंद किंवा ओढल्यावर बेताने आवळणारा पट्टा लागतो.

• पट्ट्याला घरचा फोन नंबर लिहिलेली पट्टी अडकवावी. दिवाळीत फटाक्यांना घाबरून कुत्री पळतात, तेव्हा हीच पट्टी त्यांना घरी आणते.

चालायचे कसे?

दोरी बोटांभोवती गुंडाळू नये. अचानक ओढ बसली तर बोट मोडू शकते. मोठ्या कुत्र्याची दोरी लहान मुलाच्या हाती देऊ नये. कुत्रा ओढू लागला की त्याला खेचण्याऐवजी जागीच थांबावे आणि दोरी सैल झाली की पुन्हा चालू लागावे. ओढल्याने पुढे जाता येत नाही, हे काही दिवसांत त्याच्या लक्षात येते. छत्तीसगडच्या उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधीच फिरून यावे. डांबरावर आपला हात काही सेकंद टेकवता येत नसेल, तर कुत्र्याचे पायही तिथे भाजतात.

रस्त्यावर कुत्रा जखमी झाला तर वेदनेमुळे तो मालकालाही चावतो. अशा वेळी मऊ सुती दोरीचा फास तोंडाभोवती हलकेच बांधून त्याला डॉक्टरकडे नेता येते. पण त्याला धाप लागली असेल, उलटी होत असेल किंवा त्याचे नाक चपटे असेल, तर तोंड मुळीच बांधू नये.

घरी थोडा वेळ बांधावे लागलेच, तर सावली आणि पाणी पोहोचेल इतकी लांब दोरी असावी. बाल्कनीच्या कठड्याजवळ किंवा भिंतीलगत कधीही बांधू नये. पलीकडे उडी मारली तर कुत्रा तिथेच लटकून जीव गमावतो.

जबाबदारी कुणाची?

मुलांच्या हट्टाखातर पिल्लू घरी येते, चार महिन्यांनी मुलांचा उत्साह ओसरतो. पती पाळीवर, मुले शिकवणीला, मग कुत्र्याला फिरवण्याचे काम आपोआप गृहिणीवर येऊन पडते. स्वयंपाक आणि डबे यांतून तिला वेळ मिळत नाही, म्हणून कुत्रा एकतर बांधला जातो किंवा मोकळा सोडला जातो. चूक तिची नसते. कुत्रा साऱ्या घराने आणलेला असतो.

म्हणून पिल्लू आणण्याआधीच घरात बसून ठरवावे की, सकाळची फेरी कुणाची, संध्याकाळची कुणाची आणि पाळी बदलली तर कुणाची. दिवसातून अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन फेऱ्या मिळाल्या की बहुतेक कुत्री घरात शांत राहतात व त्यांना दिवसभर बांधण्याची वेळच येत नाही. एवढा वेळ घरातील कुणाकडेच नसेल, तर पिल्लू न आणणे हेच कुत्र्याच्या आणि शेजाऱ्यांच्या हिताचे.