चुना, तांबे आणि टाच

पानशेत धरणाच्या काठावरचा कोणताही काळा दगड घेतला, तरी त्यात कॅल्शियम असते. सह्याद्रीचा हा काळा पाषाण म्हणजे बसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरत गेलेल्या लाव्ह्यापासून तो बनला. प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही त्यातील दोन मुख्य खनिजे असून दोहोंच्या घटनेत कॅल्शियम आहे. दगडाच्या वजनाचा साधारण दहावा भाग कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे रसायनशास्त्राच्या हिशेबाने चुनाच असतो. तरीही वेल्हे आणि भोर या तालुक्यांत चुनखडी शोधू गेल्यास ती सहसा सापडत नाही. दगडात चुना आहे, पण मातीत तो साचत नाही. हा विरोधाभास नीट समजून घेतला, की कॅल्शियमच्या शब्दकुळाकडे वळणे सोपे जाते.

पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड विरघळवून सौम्य आम्लधर्मी होते. ते दगड झिजवते आणि सुटा झालेला कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपाने वाहून नेते. घाटमाथ्यालगतच्या या पट्ट्यात पाऊस इतका पडतो, की हा विद्राव्य भाग जागेवर टिकत नाही. तो आंबी नदीतून मुठेत, मुठेतून मुळा-मुठेत आणि तेथून भीमेत जातो. मागे उरते ती लोह आणि ॲल्युमिनियम यांची तांबूस माती. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात चित्र उलटे दिसते. तेथे पाऊस कमी आणि ऊन फार. पाणी उडून जाते आणि विरघळलेला चुना काळ्या मातीत, नदीच्या दरडीत पांढुरक्या खड्यांच्या रूपाने बसतो. हीच आपली चुनखडी, म्हणजे कंकर. तोरणा आणि राजगड यांच्या तटबंदीला लागलेला चुना अशा कंकरापासून भाजलेला असणे संभवते. पावसाच्या मुलखात खडेच दुर्मीळ, तेव्हा चुना देशाकडून वर चढवणेच भाग पडले असावे. भट्टीत भाजलेला कळीचा चुना पाण्याने विरवून वाळूसह घाणीत मळला जाई. दगडी चाकाची आणि वर्तुळाकार चराची ही बैलघाणी आजही अनेक जुन्या किल्ल्यांवर आणि देवळांजवळ दिसते. पानशेतच्या खालच्या अंगाला, मुठेवर, १८७९ साली पुरे झालेले खडकवासल्याचे दगडी धरणही चुन्याच्याच बांधकामाचे होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्याच दिवशी तेही फुटले.

चुन्याला लॅटिन भाषेत काल्क्स म्हणत. तो शब्द ग्रीक खालिक्स, म्हणजे खडा, यावरून आला. सर हम्फ्री डेव्ही यांनी १८०८ साली विद्युत् विच्छेदनाने चुन्यातून एक नवा धातू वेगळा केला आणि काल्क्सवरून त्याला कॅल्शियम हे नाव दिले. अणुक्रमांक २० असलेले हे मूलद्रव्य भूकवचातील विपुलतेत पाचवे येते. आपल्याकडे डॉ. रघुवीर यांनी त्यासाठी ‘चूर्णातु’ असा शब्द घडवला होता. संस्कृत चूर्ण हेच मराठी चुना या शब्दाचे मूळ असल्याने ही रचना शास्त्रशुद्धच होती, परंतु ती रुजली नाही. शब्द घडवणारा कितीही विद्वान असो, तो वापरायचा की नाही हे वापरणारेच ठरवतात.

काल्क्सचा दुसरा एक अर्थ किमयागारांनी वाढवला. चुनखडी भाजली की जशी पांढरी भुकटी उरते, तशीच शिसे, कथिल किंवा तांबे भाजले तरी भुकटी उरते. म्हणून कोणत्याही धातूच्या भाजलेल्या अवशेषाला ते काल्क्स म्हणू लागले. भाजण्याच्या क्रियेला कॅल्सिनेशन हे नाव पडले, ते आजही धातुशास्त्रात चालते. आयुर्वेदातील रसशास्त्रात जे भस्म, तेच पुष्कळ अंशी युरोपातील काल्क्स. ताम्रभस्माला त्या जुन्या परिभाषेत तांब्याचे काल्क्स म्हटले असते, आणि त्यात कॅल्शियमचा कणही नसता. जुने ग्रंथ वाचताना हा भेद लक्षात ठेवावा लागतो. लव्हाझिए यांनी ऑक्साइड ही संज्ञा रूढ केली, तेव्हा हा गोंधळ मिटला.

या मुळापासून निघालेले शब्द तीन गटांत बसतात. पहिला गट खनिजांचा. यात कॅल्साइट आणि कोरड्या प्रदेशातील चुन्याच्या थराला भूवैज्ञानिक वापरतात ते कॅल्क्रीट व कॅलिची हे शब्द येतात. दुसरा गट शरीरक्रियेचा. प्रौढ मनुष्याच्या देहात सुमारे एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातील ९९ टक्के हाडांत व दातांत असते. उरलेल्या एका टक्क्यावर स्नायूंचे आकुंचन, रक्ताचे साकळणे आणि मज्जातंतूंचे संदेश अवलंबून आहेत. त्यामुळे त्याचे नियमन करणाऱ्या द्रव्यांना कॅल्सिटोनिन, कॅल्सिट्रायॉल, कॅल्मोड्युलिन अशी नावे मिळाली. ड जीवनसत्त्वाचे कॅल्सिफेरॉल हे नाव म्हणजे ‘कॅल्शियम वाहणारे’. अंगाला लावतात ते कॅलामाइन मात्र या घरातले नाही. ते जस्ताच्या खनिजाचे नाव असून त्याचा उगम कॅडमिया या शब्दाच्या अपभ्रंशात आहे.

तिसरा गट सर्वांत मनोरंजक आहे. काल्क्सचे लघुरूप कॅल्क्युलस, म्हणजे लहान खडा. रोमन लोक खडे मांडून हिशेब करीत, म्हणून गणना करणे म्हणजे कॅल्क्युलेट करणे. न्यूटन आणि लायब्निझ यांच्या गणितशाखेला हाच शब्द चिकटला, दातांवरच्या कठीण थरालाही आणि मूत्रपिंडातील खड्यालाही. मराठी बोलीने स्वतंत्रपणे नेमका हाच मार्ग धरला : मूतखडा. बहुतेक मूतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, म्हणजे येथे शब्द आणि द्रव्य दोन्ही काल्क्सच्या घरचे. पण खडा मूत्रपिंडाच्या ज्या पेल्यासारख्या भागात अडकतो, त्याचे कॅलिक्स हे नाव ग्रीक कॅलिक्स, म्हणजे टरफल अथवा कळीचे आवरण, यावरून आले. वनस्पतिशास्त्रात फुलाच्या निदलपुंजालाही हेच नाव आहे. सोनोग्राफीच्या एका ओळीत ‘कॅलिक्समध्ये कॅल्क्युलस’ असे वाचायला मिळते, तेव्हा त्या दोन शब्दांचे एकमेकांशी काहीही नाते नसते.

गणिताच्या बाबतीत आपल्या भाषेने आणखी एक चकवा ठेवला आहे. कॅल्क्युलससाठी मराठीत कलन हा शब्द आहे, आणि अवकलन व समाकलन या त्याच्या दोन शाखा. ऐकणाऱ्याला हे कॅल्क्युलसचेच देशी रूप वाटते. प्रत्यक्षात ते संस्कृत ‘कल्’ या मोजणे, गणणे या अर्थाच्या धातूपासून झाले आहे. आकलन, संकलन, व्यवकलन ही त्याच धातूची रूपे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त बेरीज व वजाबाकीसाठी संकलित आणि व्यवकलित या संज्ञा येतात. तेव्हा न्यूटनच्या जन्माला जवळजवळ पाचशे वर्षे अवकाश होता. लॅटिन खडा आणि संस्कृत गणना यांचे ध्वनी जुळले, हा योगायोग आहे. परिभाषा करणाऱ्यांनी त्याचा सुरेख उपयोग करून घेतला, याचे श्रेय त्यांना द्यावे.

लॅटिनमध्ये काल्क्स नावाचा आणखी एक शब्द आहे. त्याचा उच्चार तोच, पण अर्थ टाच. टाचेच्या हाडाला शरीररचनाशास्त्रात कॅल्केनियस म्हणतात ते यावरून. हे पावलातील सर्वांत मोठे हाड आहे. हाड आणि कॅल्शियम यांची जोडी मनात पक्की असल्याने विद्यार्थी या नावाचा संबंध चुन्याशी लावतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

आता ग्रीक खाल्कोस, म्हणजे तांबे किंवा कांसे. इंग्रजीतून येताना तो कॅल्को होतो आणि देवनागरीत काल्क्सच्या शब्दांपासून वेगळा ओळखणे कठीण होऊन बसते. कॅल्साइट हे कॅल्शियमचे खनिज, तर कॅल्कोसाइट तांब्याचे. कॅल्कोपायराइट हे तांबे व लोह यांचे सल्फाइड. ऑक्सिजन, गंधक, सेलेनियम यांच्या कुटुंबाला कॅल्कोजेन, म्हणजे ‘धातुक घडवणारे’, म्हणतात, कारण बहुतेक धातुके ऑक्साइडे किंवा सल्फाइडे असतात. इंग्रजी वर्णलेखनात तांब्याच्या कुळात सी या अक्षरापुढे एच येतो, चुन्याच्या कुळात येत नाही. या खुणेला एक ठळक अपवाद म्हणजे चॉक हा शब्द. त्यात एच असूनही तो काल्क्सचाच वंशज आहे. शाळेतला खडू मात्र पुष्कळदा जिप्समपासून, म्हणजे कॅल्शियम सल्फेटपासून केलेला असतो.

हे दोन काल्क्स आणि खाल्कोस एकाच जागी पाहायचे असतील, तर ती जागा पुणे जिल्ह्यातच आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी या पुरातत्त्वज्ञांची नावे त्या कामाशी जोडलेली आहेत. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या दीर्घ काळातील ही शेतकऱ्यांची वसाहत ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे कॅल्कोलिथिक, होती. दगडी हत्यारांबरोबर तांब्याचाही वापर करणारा समाज, एवढाच त्या संज्ञेचा अर्थ. तांबे तेथे थोडेच सापडले. रोजचे काम गारेच्या पात्यांवरच चाले. पण तेथील कारागिरांत तांबटकाम करणारे होते तसेच चुना भाजणारेही होते. घोड ही भीमेची उपनदी आणि भोवतालचा मुलूख अवर्षणाचा, तेव्हा कंकराची वाण नव्हती. खाल्कोसच्या युगातील माणसे काल्क्स भाजत होती.

टाचेचा धागाही येथे मिळतो. इनामगावात प्रौढ मृतांना पुरताना त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळतात. मृताने परत येऊ नये अशी भावना त्यामागे असावी, असा पुरातत्त्वज्ञांचा तर्क आहे. त्या सांगाड्यांत कॅल्केनियस नाही. एक अपवाद प्रसिद्ध आहे : चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेल्या एका पुरुषाची पावले शाबूत होती. त्याचा मान काही वेगळा असावा. सांगाड्यांचे दात आणि हाडे यांचा पुढे मानवशास्त्रीय अभ्यास झाला. मातीत तीन हजार वर्षे हाडे टिकली, यालाही या भागातील चुनायुक्त जमीन कारण आहे. आम्लधर्मी तांबड्या मातीत हाड लवकर विरते.

इनामगावच्या पात्यांची गार कॅल्सेडनी जातीची. हे तिसरेच नाव. आशिया मायनरमधील कॅल्सेडॉन या ग्रीक नगराशी ते जोडले जाते. त्या स्फटिकात ना चुना ना तांबे, आहे ती केवळ सिलिका. अकीक हा तिचाच पट्टेदार प्रकार. बसाल्टच्या पोकळ्यांत ती साचते, आणि तशाच पोकळ्यांत झिओलाइट गटातील कॅल्शियमयुक्त खनिजेही वाढतात : स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट. पुण्याचा या बाबतीतला मान मोठा आहे. शहराजवळच्या वाघोलीच्या खाणींतून निघालेले गर्द निळे कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत पोचले आहे. या खनिजाचे वर्णन १९७३ साली अमेरिकेतील ऑरेगॉनच्या नमुन्यांवरून झाले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांची आद्याक्षरे जोडून नाव तयार झाले. काल्क्सचा येथे केवळ ‘कॅ’ उरला आहे. निळा रंग व्हॅनेडियमचा.

आणखी दोन मुळे थोडक्यात सांगता येतील. लॅटिन कालोर म्हणजे उष्णता. त्यापासून कॅलरी व कॅलरीमापक हे शब्द आले. लव्हाझिए यांनी १७८९ साली मूलद्रव्यांची जी यादी दिली, तीत कॅलोरिक नावाचे कल्पित उष्णताद्रव्य आणि चुना असे दोन्ही एकत्र नोंदले होते, आणि पुढे दोन्ही मूलद्रव्ये नसल्याचे ठरले. दुसरे मूळ अरबी अल्-कली, म्हणजे क्षारयुक्त वनस्पतीची राख. अल्कली हा शब्द आणि पोटॅशियमचे केलियम हे नाव त्यातून आले. कळीच्या चुन्यातील कळीशी याची गल्लत करू नये.

शेवटी एक उपयोग, जो या जिल्ह्यातील द्राक्षबागायतदाराला चांगला ठाऊक आहे. निळ्या मोरचुदाचे, म्हणजे जलयुक्त कॉपर सल्फेटचे, खनिजरूप कॅल्कँथाइट, अर्थात तांब्याचे फूल. ते आणि चुना मिळून बोर्डो मिश्रण होते. फ्रान्समधील बोर्डो येथील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी १८८५ साली द्राक्षवेलीवरील केवड्यासाठी ते प्रसिद्ध केले. एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी घेतात. दोन्ही द्रावणे वेगवेगळी करून मग एकत्र करावी लागतात, आणि भांडे लोखंडाचे चालत नाही. मिश्रण योग्य झाले की नाही हे पाहण्याची जुनी रीत अशी : लोखंडी चाकूचे स्वच्छ पाते त्यात थोडा वेळ बुडवावे. पात्यावर तांबूस थर चढला, तर तांबे अजून मोकळे असून ते पानांना जाळील. अशा वेळी थर चढणे थांबेपर्यंत चुन्याची निवळी घालत राहावी.