गळाच्या काठीचा बाक

मासा गळाला लागला की काठी माणसाच्या बाजूने ओढते, असं आपण धरून चालतो. तरफेचा हिशेब मांडला तर उलटं दिसतं. आठ फुटी काठीच्या टोकाला मासा ओढतो आणि आपण तिची जेमतेम हातभर मूठ धरलेली असते. दोन किलोची ओढ मनगटाला आणि कोपराला कितीतरी पट जड लागते. काठी जितकी लांब आणि ताठ, तितका फायदा माशाचा. चित्र पालटतं ते काठी वाकल्यावर. टोक खाली आणि मागे येतं, तरफ आखूड होते, माशाचे हिसके दोरीवर एकदम न आदळता त्या बाकात जिरतात. काठी बांधणाऱ्याचं सगळं काम या बाकासाठी चालतं. मूठ कुठे बसवायची, कड्या किती आणि किती अंतरावर, दोरा कसा गुंडाळायचा, वर लेप किती जाड द्यायचा, या प्रत्येक ठिकाणी बाक राखताही येतो आणि बिघडवताही येतो.

दुकानातली तयार काठी सरासरी माणसासाठी बनते. स्वतः बांधायची तर सुरुवात माशापासून करावी लागते. कोकणात खाडीच्या मुखाशी कातळावर उभं राहून तांबोशी किंवा गोबरा गरवायचा असेल, तर मासा लागताच त्याला कपारीत शिरू न देता खेचून बाहेर काढावं लागतं. तिथे आखूड, बुडाशी दणकट काठी हवी. खाडीत जिताड्यामागे होडीतून फिरणाऱ्याला टोक मऊ पण मधला भाग भक्कम अशी काठी बरी, कारण जिताडा पाण्याबाहेर उसळून डोकं झटकतो आणि ताठ टोक त्याला गळ सोडवायची संधी देतं. वाळूच्या किनाऱ्यावरून लाटेपलीकडे आमिष फेकायचं तर लांबी लागतेच. त्या बदल्यात झुंजीत हात दुखतील, हे मान्य करून ती निवडायची. आमिषाचं वजन, दोरीची ताकद, रील कोणतं, हाताची लांबी किती, हे सगळं कागदावर उतरल्यावर मगच ब्लँक विकत घ्यावा.

ब्लँक म्हणजे कडी-मूठ नसलेली कोरी, पोकळ काठी. कार्बनच्या किंवा काचेच्या तंतूंचं, राळेत भिजवलेलं कापड विशिष्ट आकारात कापतात, ते निमुळत्या पोलादी सळईवर घट्ट गुंडाळतात, वरून फीत आवळतात आणि भट्टीत तापवून पक्कं करतात. सळई काढून घेतली की नळी उरते. न घासलेल्या ब्लँकवर एकमेकांलगतच्या वेढ्यांच्या खुणा दिसतात, त्या या फितीच्या. कापड गुंडाळलेलं असल्यामुळे नळीची जाडी सगळीकडे सारखी नसते. एका बाजूला ती किंचित कडक भरते. तिला कणा म्हणतात. शोधायचा तर बूड गुळगुळीत टेबलावर टेकवा, टोक हातात धरा, मधे हलकं दाबून ब्लँक बोटांखाली फिरवा. एका ठिकाणी तो टुणकन उडी मारून स्थिर होतो.

कण्याचा बाऊ मात्र फार झाला आहे. कणा चुकीच्या बाजूला गेला की ताणाखाली काठी पिळते, असं पूर्वी ठामपणे सांगत. काठी पिळते खरी, पण ती कड्या वरच्या बाजूला असल्या की. ओढ वरून येते आणि दोरी स्वतःहून खाली जाऊ पाहते. कणा कुठेही असो, हे होणारच. म्हणून आता बरेच जण ब्लँकची नैसर्गिक सरळ बाजू पाहून कड्या बसवतात आणि मला तेच पटतं. वर रील लावणाऱ्यांनी पीळ टाळायचा असेल तर रीलजवळची पहिली कडी वर ठेवून पुढच्या दोन-तीन कड्या हळूहळू बाजूने खाली न्यायच्या आणि टोकापर्यंत खालीच ठेवायच्या. दिसायला विचित्र, पण दोरी काठीला घासत नाही आणि काठी हातात स्थिर राहते.

ब्लँक घेताना जाहिरातीत 'हाय मॉड्युलस' हे शब्द फार दिसतात. कार्बनचा तंतू जितका ताठ, तितका कमी कापडात तोच कडकपणा मिळतो, म्हणून काठी हलकी होते. पण भिंत पातळ झाली की एक टणका पुरतो. कातळावर काठी आपटणार, होडीच्या काठावर घासणार, हे ठरलेलंच असेल तर काचतंतूची किंवा काच-कार्बन मिश्र काठी घ्यावी. ती थोडी जड लागते, सावकाश वाकते आणि पुष्कळ सहन करते.

कार्बनच्या आधी काच होती आणि काचेच्या आधी बांबू. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचा बंदूक बनवणारा सॅम्युअल फिलिपी बांबूच्या चिपा चिकटवून काठ्या करू लागला. पुढे मेन राज्यात हायरम लेनर्डने सहा त्रिकोणी पट्ट्या जोडून षटकोनी काठी करण्याची पद्धत पक्की केली आणि पट्ट्या कापायला यंत्र बसवलं. या काठ्यांसाठी बांबू जात असे तो आपल्याकडून. 'कलकत्ता केन' या नावाने तो कलकत्त्याच्या बंदरातून निघे आणि त्याच्या अंगावर भाजल्याचे काळे डाग असत. तो भरीव जातीचा बांबू, म्हणजे विदर्भाच्या जंगलात ज्याला मानवेल म्हणतात तोच असावा, असं जाणकार मानतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण चीनमधल्या 'टोंकिन' बांबूने त्याची जागा घेतली. टोंकिनची पेरं लांब आणि पृष्ठाजवळचे तंतू दाट असतात. न्यूयॉर्कजवळचा एव्हरेट गॅरिसन पेशाने अभियंता होता. काठी फेकताना तिच्या प्रत्येक भागावर किती ताण येतो याचा हिशेब मांडून तो पट्ट्यांचा निमुळतेपणा ठरवी आणि इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत रंधून त्या उतरवी. त्याच्या पद्धतीवरचं पुस्तक १९७७ साली आलं आणि घरी बांबूची काठी करणाऱ्यांची एक पिढी त्यावर वाढली. पण बाजार तोवर फिरला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या काठ्या आल्या. १९५० साली अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि टोंकिन बांबू मिळेनासा झाला. १९७३ साली फेनविक कंपनीने कार्बनची काठी बाजारात आणली.

काच आणि कार्बनमुळे एक मोठी गोष्ट घडली. बांबूची काठी मुळापासून करायला वर्षानुवर्षांचा हात लागतो. तयार ब्लँक मिळू लागल्यावर पुढचं काम कुणालाही घरच्या टेबलावर करता येऊ लागलं.

या कामाचा गाभा कड्यांमध्ये आहे. कड्यांना सगळे गाईडच म्हणतात. आत सिरॅमिकचं कडं आणि बाहेर स्टीलची किंवा टायटॅनियमची चौकट. खाऱ्या पाण्यात साधं स्टील गंजतं, म्हणून परवडत असेल तर टायटॅनियम घ्यावं. वीण असलेली ब्रेडेड दोरी धातूच्या कड्यात चर पाडते, तेव्हा सिरॅमिकला पर्याय नाही. दोरी गुंडाळायचा स्पूल समोर असलेल्या स्पिनिंग रीलवरून दोरी मोठ्या वेटोळ्यांत सुटते. पहिलं गाईड मोठं आणि उंच लागतं, पुढची भराभर लहान होत जातात आणि वेटोळी आवळून दोरी सरळ रेषेत येते. ती जिथे पूर्ण आवळली जाते, ते गाईड स्पूलच्या व्यासाच्या साधारण २७ पट अंतरावर ठेवावं असा एक हिशेब प्रचलित आहे. सुरुवातीला तो वापरावा आणि मग मैदानात प्रत्यक्ष फेकून फरक बघावा. टोकाकडची गाईड शक्य तितकी लहान आणि हलकी घ्या. टोकाला जोडलेला एखादा ग्रॅमसुद्धा काठीला वाकून सरळ व्हायला उशीर लावतो. तोच ग्रॅम मुठीजवळ असेल तर कळतही नाही.

अंतरं ठरवायची रीत अशी. गाईड रबराच्या बारीक चकत्यांनी तात्पुरती अडकवा. मूठ भिंतीला किंवा खांबाला तिरकी बांधा, दोरी सगळ्या गाईडमधून ओवा, तिचं टोक जमिनीवरच्या वजनाला बांधा आणि रील फिरवून ताण द्या. काठी वाकली की एका बाजूने नीट बघा. दोन गाईडच्या मधे दोरी बाकाला सोडून सरळ ताणलेली दिसत असेल, तर तिथे गाईड कमी पडतंय किंवा सरकवायला हवं. प्रत्येक गाईडपाशी दोरीला पडणारा कोन साधारण सारखा दिसला पाहिजे. वर रील असलेल्या काठीत दोरी ब्लँकला कुठेही टेकता कामा नये. पूर्ण ताणात आणि अर्ध्या ताणात दोन्ही वेळा पाहा, कारण बाक दर वेळी वेगळ्या जागी पडतो. या एका तपासणीला संध्याकाळभर वेळ द्यायची तयारी ठेवा. पुस्तकातल्या अंतरांच्या तक्त्यापेक्षा तुमच्या ब्लँकचा बाक जास्त खरं सांगतो.

मूठ बुचाची किंवा फोमची असते. बूच पोर्तुगालमधल्या ओकच्या सालीचं. तिथे एका झाडाची साल नऊ वर्षांतून एकदाच काढू देतात, त्यामुळे चांगलं बूच महाग. चकत्या चिकटवून, घासून आकार देता येतो आणि बोटांच्या मापाची मूठ मिळते. रील बसवायच्या सीटमध्ये आणि ब्लँकमध्ये पोकळी राहते. ती मास्किंग टेपच्या वेढ्यांनी भरतात, पण सलग भरू नये. वेढ्यांमधे फटी ठेवाव्यात, म्हणजे इपॉक्सी ब्लँकला आणि सीटला दोन्हीकडे धरते. गोंद सावकाश वाळणाराच घ्या; पाच मिनिटांत कडक होणारा पुढे तडकतो आणि सीट हातात फिरू लागते.

आता दोरा. हे काम बघायला नाजूक वाटतं, पण त्याला महागडं यंत्र लागत नाही. लाकडाचे दोन इंग्रजी व्ही आकाराचे खाचे, त्यांत फेल्टचा तुकडा आणि दोऱ्याला ताण देण्यासाठी एक जाडजूड पुस्तक. रिळातला दोरा पुस्तकाच्या पानांतून ओढत काठी हाताने फिरवायची. त्याआधी गाईडच्या पायाचं टोक कानशीने निमुळतं करावं, नाहीतर दोरा ब्लँकवरून पायावर चढताना खड्डा सोडतो. पायाच्या खालच्या बाजूला धार राहिली असेल तर ती बोटाने चाचपून घासून टाका. तीच पुढे ब्लँकला चिरते. वेढे ब्लँकवर सुरू करून पायावरून कडीकडे न्या. शेवटच्या सहा-सात वेढ्यांआधी दोऱ्याचा एक फास आत घाला, काम संपलं की दोऱ्याचं टोक फासात ओवून वेढ्यांखालून ओढून घ्या. फटी राहिल्या तर गुळगुळीत काडीने दोरा दाबून सरकवा. ताण बेताचाच हवा. दोरा बांधून झाल्यावरही अंगठ्याने ढकलल्यावर गाईड किंचित हलायला हवं, म्हणजे शेवटी सगळी गाईड एका ओळीत आणता येतात. फार आवळलं तर पातळ भिंत चेपते. आणि दोरा कापताना पातं ब्लँककडे कधीही वळवू नका. कार्बनवरचा केसाएवढा ओरखडा म्हणजे पुढे काठी मोडण्याची जागा.

नायलॉनचा रंगीत दोरा लेप लागल्यावर गडद आणि पारदर्शक होतो. रंग तसाच हवा असेल तर आधी रंगरक्षक द्रव लावतात. मला गडद झालेला दोरा आवडतो, कारण त्यात खालचं काम दिसतं. मुठीच्या वर नक्षीचे चौकटी वेढे घालायची हौस असेल तर तिथे मनसोक्त घालावी. त्या भागात काठी फारशी वाकत नाही. टोकाकडे मात्र प्रत्येक जादा वेढा बाकाला जड जातो.

लेपासाठी इपॉक्सीचे दोन भाग समान मापात घेतात, दोन्हींना वेगवेगळी सिरिंज ठेवून. मिश्रण सावकाश ढवळा, भांड्यात ठेवू नका, अॅल्युमिनियमच्या फॉइलवर पसरा. ढिगात ते लवकर तापतं आणि घट्ट होतं. लेप लागल्यावर काठी काही तास सावकाश फिरत राहायला हवी, नाहीतर तो खाली ओघळतो. जुन्या मायक्रोवेव्हमधली ताटली फिरवणारी मोटर याला उत्तम चालते. बुडबुडे आले तर स्पिरिटच्या दिव्याची ज्योत दुरून दाखवा, लगेच फुटतात. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ द्यावेत.

आपल्या किनाऱ्यावर एक अडचण आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, गरवणं बंद, म्हणून काठी बांधायला हेच दिवस मोकळे मिळतात. पण दमट हवेत इपॉक्सीच्या पृष्ठावर दुधी, चिकट साय येते. म्हणून नारळी पौर्णिमेपर्यंत ब्लँक निवडावा, गाईडची अंतरं ठरवावीत, मूठ बसवावी, दोरे बांधावेत. बांधलेली काठी कापडी पिशवीत धुळीपासून जपावी आणि लेप हवा कोरडी झाल्यावरच द्यावा. टोकाचं गाईड मात्र इपॉक्सीने चिकटवू नका, गरम केल्यावर वितळणाऱ्या गोंदाच्या कांडीने बसवा. टोकच सर्वांत आधी मोडतं, आणि तेव्हा ते बदलता आलं पाहिजे.

पहिल्याच खेपेला महाग ब्लँक घेऊ नये. घरात किंवा ओळखीत एखादी जुनी काठी असतेच, जिचा ब्लँक धड आहे पण गाईडचं कडं तडकलंय. तडा डोळ्यांना दिसला नाही तर कापसाचा बोळा कड्यातून फिरवा, तंतू अडकतात. हेअर ड्रायरने जुना लेप मऊ करा, पातं फक्त गाईडच्या धातूच्या पायावर चालवून दोरा कापा आणि सोलून काढा. नवं गाईड बांधा, लेप द्या, वाळू द्या. मग पाण्यावर नेण्याआधी काठी पुन्हा खांबाला बांधून, वजन लावून, पुरती वाकवून पाहा.