सतरा हात आणि थेट सरपंच

१९ जानेवारी २०२२ रोजी आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या बोदवड नगरपंचायतीचा निकाल लागला. जागा १७. शिवसेना ९, राष्ट्रवादी ७, भाजप १. बहुमताला ९ लागतात, म्हणजे अगदी काठावर. शिवसेना आणि राष्ट्रवादी तेव्हा मुंबईत एकाच सरकारात मांडीला मांडी लावून बसले होते; बोदवडात मात्र आमनेसामने!

बोदवडकरांनी नगरसेवक निवडले, नगराध्यक्ष नाही. तो निवडला नगरसेवकांनी, सभागृहात हात वर करून. ही संसदीय पद्धत. मुक्ताईनगर मतदारसंघातून आपण आमदार देतो आणि मुख्यमंत्री आमदारांच्या बहुमतावर ठरतो, त्यातलाच हा प्रकार. हात खाली आले की खुर्ची गेली. म्हणूनच अशा निवडणुकांआधी महाराष्ट्रात नगरसेवकांच्या ‘सहली’ निघतात.

आसपासच्या खेड्यांत वेगळा मामला. तिथे ‘थेट सरपंच’. मतदार आपल्या वॉर्डातले सदस्य निवडतो, शिवाय सरपंचासाठी वेगळं बटण दाबतो. अमेरिकेच्या अध्यक्षीय पद्धतीची ही गावठी बहीणच म्हणायची, आणि दुखणंही तेच. सरपंच एका पॅनलचा, सदस्यांचं बहुमत दुसऱ्या पॅनलचं. मग साध्या गटारीचा ठरावही अडतो. अशा सरपंचाला घरी पाठवणंही सोपं नाही. पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणता येत नाही. पुढे तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेचीही मान्यता लागते.

थेट सरपंच २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये गेला, २०२२ मध्ये परत आला. सरकार बदललं की पद्धत बदलते. दर वेळी कारण लोकशाहीचंच दिलं जातं. मला तरी त्यात सोयीचा हिशेब जास्त दिसतो. निवड थेट असो वा सदस्यांतून, खरी कसोटी एकच: खुर्चीवरचा माणूस चुकला तर त्याला खाली कोण आणि कसं उतरवणार?

नगरसेवक किंवा सरपंच निवडायचा हा मताचा हक्कही सहज मिळालेला नाही. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, फैजपूरला, काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. प्रौढ मतदानाने निवडलेली घटना समिती हवी, ही मागणी तिथे जोरात मांडली गेली. त्या काळी मालमत्ता, शेतसारा, शिक्षण असल्या अटींमुळे बहुसंख्य माणसं मतदार यादीबाहेरच होती. सगळ्या प्रौढांनी मतदान केलेली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली १९५१-५२ मध्ये.

प्रतिनिधी मध्ये न घालता स्वतः कारभार ठरवायचा, असाही एक प्रकार आहे. स्वित्झर्लंडच्या ग्लारूसमध्ये मतदार आजही चौकात जमून हात वर करून निर्णय घेतात. त्यासाठी तिकडे जायची गरज नाही; आपली ग्रामसभा त्याच जातीची. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य. वर्षाचा जमाखर्च, लाभार्थ्यांची यादी, कामांचा आराखडा, सगळं तिच्यापुढे यायला हवं.

गणपूर्ती किती? एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल ती संख्या. दोन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं पुरतात. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि खरी गोम इथेच आहे: तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. तिथे बसलेल्या दहाजणांनी मंजूर केलेली यादीही सगळ्या गावाची म्हणून कागदावर जाते. तेव्हा वाचकहो, नोटीस लागली की पहिल्याच सभेला जा.