डेटा वाहता ठेवा!

बस स्टॉपवर उभे राहून तुम्ही ॲप उघडता. बस दोन मिनिटांत येणार म्हणे! दहा मिनिटं झाली तरी तिचा पत्ता नाही. नकाशावरचा ठिपका जागचा हलत नाही आणि बस तर केव्हाच पुढे निघून गेलेली. माहिती खोटी नव्हती हो, शिळी होती.

आता जरा स्वतःच्या फायनल इयर प्रोजेक्टकडे बघा. कव्हरवर ‘रिअल टाइम’ असं ठळक छापलंय. आत काय चाललंय? ॲप दर पाच सेकंदांनी डेटाबेसला विचारतंय, ‘काही नवीन?’ ‘नाही.’ ‘आता?’ ‘नाही.’ दहा मोबाइल असतील तर चालून जातं. दहा हजार झाले की डेटाबेस मान टाकायला लागतो.

मग करायचं काय? विचारत बसायचं नाही. घटना घडली की लगेच नोंदवायची आणि ज्याला हवी त्यानं ती उचलायची. हेच डेटा स्ट्रीमिंग. त्यासाठी आवर्जून नाव घेतलं जातं ते ‘अपाचे काफ्का’चं. लिंक्डइनमध्ये ते जन्मलं आणि २०११मध्ये ओपन सोर्स झालं. ते घडवणाऱ्या तिघांपैकी एक आपल्या पुण्याची! नेहा नारखेडे. पुण्यातच इंजिनीअरिंग आणि मग अमेरिकेत जॉर्जिया टेकमधून मास्टर्स. जे क्रेप्स आणि जुन राव हे तिचे सहकारी. २०१४मध्ये तिघांनी मिळून ‘कॉन्फ्लुएंट’ ही कंपनी काढली. आणि हो, काफ्का हे नाव लेखक फ्रान्झ काफ्कावरूनच आलंय. ही सिस्टीम मुळात भराभर लिहून घेण्यासाठी बनवलेली, म्हणून लेखकाचं नाव!

हे चालतं कसं? वाण्याची रोजकीर्द आठवा. एकाखाली एक नोंद, खाडाखोड नाही. काफ्कामध्ये या वहीला म्हणतात टॉपिक. वही मोठी झाली की तिचे भाग पाडतात, ते पार्टिशन. लिहिणारा प्रोड्यूसर आणि वाचणारा कन्झ्युमर. आपण कुठल्या ओळीपर्यंत वाचलं याची प्रत्येक कन्झ्युमरची खूण वेगळी. त्यामुळे एक बंद पडला तरी दुसऱ्याचं अडत नाही, आणि तो उठला की खुणेपासून पुढे वाचतो. सेटिंग बदललं नाही, तर नोंदी सात दिवस राहतात.

खरी गंमत पुढे आहे. समजा, गॅदरिंगच्या फूड स्टॉलसाठी तुम्ही ॲप केलं. वडापावची ऑर्डर आली. कन्झ्युमरनं वॉलेटमधून पैसे कापले आणि खूण पुढे सरकवायच्या आतच तो बंद पडला. पुन्हा सुरू झाल्यावर तो तीच ओळ वाचणार आणि पैसे दुसऱ्यांदा कापणार! वडापाव एक, पैसे दोनाचे. म्हणून प्रत्येक ऑर्डरला वेगळा नंबर द्या आणि ‘हा नंबर आधी झालाय का?’ हे तपासूनच पैसे कापा.

दुसरी गोची क्रमाची. काफ्का क्रमाची हमी देतं ती फक्त एका पार्टिशनपुरती. ‘ऑर्डर दिली’ आणि ‘ऑर्डर रद्द’ या नोंदी दोन पार्टिशनमध्ये गेल्या तर रद्दची नोंद आधी वाचली जाऊ शकते. दोन्हींना एकच की द्या, म्हणजे त्या एकाच पार्टिशनमध्ये जातील.

सुरुवात कशी कराल? काफ्का फुकट आहे, तुमच्या लॅपटॉपवरही चालतं. एक टॉपिक, एक प्रोड्यूसर, एक कन्झ्युमर, बस्स. मग मुद्दाम कन्झ्युमर मध्येच बंद करा आणि परत चालू करून काय होतं ते वहीत लिहून काढा. व्हायव्हात किंवा इंटरव्ह्यूत व्याख्या कुणीही सांगेल. ‘मी बंद पाडून बघितलं, हे असं झालं’ हे सांगणारे थोडे.

आणि एक लक्षात ठेवा. साठ मुलांच्या हजेरीच्या ॲपला काफ्का लागत नाही, तिथे साधा डेटाबेस पुरतो. पण शिळ्या माहितीमुळे कुणाची बस चुकणार असेल किंवा पैसे अडकणार असतील, तिथे मात्र डेटा वाहता हवाच.