हवेतली वाट (लेखांक 14) : जुना पीएसपी आणि शाळेचं वायफाय

गुरुग्रामच्या पलीकडे एका निवासी शाळेत शिकणारा माझा भाचा दोन रविवारांपूर्वी घरी आला, तो माझाच जुना पीएसपी, म्हणजे सोनीचं हातात धरून खेळायचं गेमयंत्र, घेऊन. 2009 साली दिल्लीच्या पालिका बाजारात, तीन दुकानं फिरून आणि भरपूर घासाघीस करून मी तो घेतला होता. गेल्या दिवाळीत तो मी त्याला दिला. चार्जिंग अजून व्यवस्थित टिकतं, बटणं शाबूत आहेत. "मामा, यात सगळं चालतं, फक्त शाळेचं वायफाय लागत नाही," तो म्हणाला. मी विचारलं, लागत नाही की दिसतच नाही? त्याने थोडा विचार करून सांगितलं की लायब्ररीतलं नाव यादीत येतच नाही, हॉस्टेलचं येतं, पण पासवर्ड टाकायची वेळ आली की गाडी अडते.

उत्तर ऐकून मला फार बरं वाटलं, कारण निम्मं निदान त्यातच होतं. न दिसणं आणि न लागणं हे दोन वेगळे आजार आहेत.

आधी न दिसण्याचं बघू. पीएसपी 2004 सालचं यंत्र. त्याचा रेडिओ फक्त 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात बोलतो आणि तेही 802.11बी या जुन्या पद्धतीने, जास्तीत जास्त 11 मेगाबिट वेगाने. लायब्ररीतलं नेटवर्क फक्त 5 गिगाहर्ट्झवर असेल, तर पीएसपीच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नाही. पण 2.4 वर असूनही ते दिसणार नाही, अशी एक शक्यता उरते. कित्येक शाळा-कॉलेजांत जुने, संथ वेग मुद्दाम बंद केलेले असतात. त्यामागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. 1500 बाइटचं एक पाकीट 1 मेगाबिट वेगाने पाठवायला 12 मिलिसेकंद लागतात. तेच 54 मेगाबिटने पाव मिलिसेकंदाच्या आत जातं. हवा सगळ्यांना मिळून एकच. एक संथ यंत्र बोलत असलं की तेवढा वेळ त्या चॅनलवरची बाकीची चाळीस पोरं गप्प बसतात. शिवाय प्रत्येक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पुरवणारा डबा, आपलं नाव सेकंदाला साधारण दहा वेळा पुकारत असतो, आणि हा पुकारा चालू ठेवलेल्या वेगांपैकी सगळ्यांत कमी वेगाने होतो. म्हणून शाळेचे आयटी सर खालचे वेग बंद करतात. मग पुकाराही नव्या पद्धतीने होतो आणि जुन्या पीएसपीच्या कानाला तो कळतच नाही.

आता न लागण्याकडे येऊ. खरी गुंतागुंत इथेच आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

पीएसपीच्या वरच्या कडेला वायफायची एक बारीक सरकपट्टी आहे. ती सरकवायची, सेटिंग्जमधून नेटवर्क सेटिंग्जमध्ये जायचं, इन्फ्रास्ट्रक्चर मोड निवडायचा आणि स्कॅन करायचं. यादीतून नाव निवडलं की सुरक्षेचा प्रकार येतो : काही नाही, वेप किंवा डब्ल्यूपीए-पीएसके. यादी इथे संपते. भाच्याला मी तो पडदा दाखवला आणि विचारलं, "यात तुझं नाव लिहायची जागा कुठे दिसते?" त्याने खालीवर करून पाहिलं आणि म्हणाला, "नाहीच आहे."

नेमकं हेच कारण आहे.

वेप म्हणजे वायफायचं पहिलं कुलूप. त्यात प्रत्येक पाकिटाबरोबर 24 बिटांचा एक बदलता आकडा जातो. असे आकडे एकूण 1 कोटी 67 लाखांच्या आसपास. गजबजलेल्या नेटवर्कवर ते काही तासांत संपतात आणि पुन्हा तेच वापरावे लागतात. 2001 मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी या कुलपातली मूळ खोट दाखवून दिली. 2007 मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या संशोधकांनी मिनिटभराच्या आत किल्ली काढून दाखवली. त्यानंतर वेप चालू ठेवणं म्हणजे दार सताड उघडं ठेवणंच होतं. 2003 मध्ये डब्ल्यूपीए आलं, 2004 मध्ये डब्ल्यूपीए-2 आणि मार्च 2006 पासून वायफायचा शिक्का हवा असेल तर डब्ल्यूपीए-2 सक्तीचं झालं. पीएसपीला सोनीने पुढच्या अपडेटांमधून डब्ल्यूपीएपर्यंत आणलं, डब्ल्यूपीए-2 पर्यंत नाही. त्यामुळे आज घरच्या साध्या राउटरवरही तो अडखळतो, शाळा तर लांबच.

शाळेतली व्यवस्था आणखी एक पायरी वर असते. घरी एकच पासवर्ड सगळ्यांना चालतो, जिन्याच्या दाराची एकच किल्ली घरभर फिरावी तसा. शाळेत प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळी आयडी आणि वेगळा पासवर्ड असतो. या पद्धतीचं नाव 802.1एक्स. आपल्या एनसीआरमधल्या सोसायट्यांच्या गेटवर जे रोज घडतं, ते डोळ्यांसमोर आणा. पाहुणा गेटवर येतो. गार्ड स्वतः काही ठरवत नाही, तो इंटरकॉमवरून फ्लॅटला विचारतो, "अमुक नावाचे गृहस्थ आलेत, सोडू का?" वरून होकार आला की फाटक उघडतं आणि रजिस्टरमध्ये वेळ पडते. इथे ॲक्सेस पॉइंट म्हणजे गार्ड आणि आत बसलेला रेडियस सर्व्हर म्हणजे फ्लॅटवाले. आपलं नाव सांगता येणं ही पाहुण्याकडून पहिली अपेक्षा. पीएसपीला ते सांगता येत नाही. आणि हा दोष केवळ वयाचा नाही. त्याच्यापेक्षा कितीतरी अलीकडच्या प्लेस्टेशन 4 लाही 802.1एक्स येत नाही, निन्टेन्डो स्विचलाही नाही. ही यंत्रं घरच्या दिवाणखान्यासाठी बनवलेली. बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हॉस्टेल नव्हतंच.

"पण एवढी नावनोंद कशाला?" भाच्याने विचारलं. प्रश्न रास्त होता, आणि उत्तर सांगताना मला 2008 सालात जावं लागलं.

त्या वर्षी 26 जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. जबाबदारी घेणारा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या वायफायवरून गेला होता. त्या घरातल्या माणसाचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. ऑगस्टमध्ये पुढचा ईमेल आला, तो माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून. 13 सप्टेंबरला दिल्लीत करोलबाग, कॅनॉट प्लेस आणि ग्रेटर कैलाशमध्ये स्फोट झाले, तेव्हाचा ईमेल चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वायफायवरून निघाला. कॅनॉट प्लेसचं सेंट्रल पार्क पालिका बाजाराला अगदी लागून आहे. त्यानंतर काही महिन्यांनी मी पीएसपी घ्यायला तिथे गेलो, तेव्हा दारात मेटल डिटेक्टरची रांग होती. 23 फेब्रुवारी 2009 ला दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना आदेश काढला की वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटल्याशिवाय सेवा देऊ नये. विमानतळावर किंवा कॅफेत मोबाइलवर ओटीपी येतो, त्याचं मूळ इथे आहे. शाळांच्या बाबतीत पुढे आणखी एक पदर जोडला गेला : ऑगस्ट 2017 मध्ये सीबीएसईने शाळांना फायरवॉल, फिल्टर आणि देखरेखीची व्यवस्था ठेवायला सांगितलं. तेव्हा आयटी सरांनी पीएसपी अडवला, त्यात खेळाचा राग नाही. उद्या कोणी विचारलं की अमुक वेळी हे यंत्र कोणाच्या हातात होतं, तर त्यांना उत्तर देता यायला हवं.

म्हणूनच हॉस्टेलमध्ये चालणाऱ्या एका युक्तीबद्दल मी भाच्याला स्पष्ट नाही म्हटलं. आपल्या आयडीने लॅपटॉप जोडायचा आणि त्यावरून पुढे बिनपासवर्डचा हॉटस्पॉट सोडायचा. पीएसपी त्यावर लागेलही. पण त्या हॉटस्पॉटवरून शेजारच्या खोलीतून कोणी काहीही केलं, तरी नोंद भाच्याच्या नावावर पडणार. सानपाड्याच्या त्या घराची गोष्ट ऐकल्यावर त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

सरळ मार्ग असा. प्रत्येक यंत्राला मॅक ॲड्रेस असतो, बारा अक्षरं-आकड्यांचा. पीएसपीत तो सिस्टम सेटिंग्जमधल्या सिस्टम इन्फर्मेशनमध्ये सापडतो. तो वहीत लिहून घ्यायचा आणि आयटी सरांना अर्ज द्यायचा की हे यंत्र माझ्या नावावर नोंदवा. प्लेस्टेशन 4 किंवा एक्सबॉक्स 360 असेल तर काम सोपं : त्यांना मागे लॅनचं भोक आहे, कॉमन रूममध्ये नोंदणी केलेली केबल मिळाली की वायफायचा प्रश्नच मिटतो. पीएसपीला ते भोक नाही. त्याच्यासाठी सरांना जुन्या कुलपाचं वेगळं नेटवर्क उघडावं लागेल, आणि एका यंत्रासाठी त्यांनी ते उघडू नये, असं माझं प्रामाणिक मत आहे. मी त्यांच्या जागी असतो तर नाहीच म्हटलं असतं.

जोडून तरी मिळणार काय, हेही बघायला हवं. सोनीने पीएसपीवरून खरेदी 2021 च्या जुलैत बंद केली. निन्टेन्डोने डीएस आणि वी या यंत्रांची ऑनलाइन सेवा तर 20 मे 2014 लाच थांबवली; तिथे वायफाय लागलं तरी पलीकडे फोन उचलायला कोणी नाही.

अर्ज भाच्याने तरीही लिहिला, आणि माझ्या सांगण्यावरून त्यात एक वाक्य जास्तीचं घातलं. पीएसपीत ॲड हॉक नावाचा दुसरा मोड आहे. त्यात ॲक्सेस पॉइंट लागत नाही, इंटरनेट लागत नाही, पासवर्ड लागत नाही. दोन पीएसपी थेट एकमेकांशी बोलतात. चॅनल 1, 6 किंवा 11 निवडायचा, शाळेचा ॲक्सेस पॉइंट ज्यावर असेल तो सोडून. वर्गातल्या एका मुलाकडे त्याच्या ताईचा जुना पीएसपी आहे. रविवारी दुपारी दोन तास, कॉमन रूममध्ये, नेटवर्कला हात न लावता खेळू का, एवढंच त्या वाक्यात विचारलं होतं.

नेटवर्कला नकार आला. रविवारला होकार आला. परवा रात्री त्याने फोटो पाठवला : टेबलावर समोरासमोर दोन पीएसपी, दोन्हींचे वायफायचे हिरवे दिवे लागलेले.

पुढच्या आठवड्यात मॅक ॲड्रेसबद्दल सविस्तर, आणि नवे फोन तो दर नेटवर्कला वेगळा का सांगतात त्याबद्दल.