जिल्हा परिषद शाळेचे आकडे असे वाचा

● ओळख : प्रत्येक शाळेला 11 अंकी यूडायस (शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीचा) क्रमांक असतो. महाराष्ट्रात त्याची सुरुवात 27ने होते.

● पट : मुलं-मुली, सामाजिक प्रवर्ग आणि दिव्यांग विद्यार्थी यांची वेगवेगळी नोंद असते.

● शिक्षक : शिक्षण हक्क कायद्यानुसार (2009) पहिली ते पाचवीसाठी 60पर्यंतच्या पटाला किमान 2 शिक्षक हवेत.

● गुणवत्ता : ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत ग्रामीण मुलांना घरी जाऊन दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचायला आणि हातच्याची वजाबाकी करायला देतात.

● सावधान : 10 मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे 10 टक्के! लहान पटाच्या शाळेला टक्केवारीवरून नापास ठरवू नका.

● पालकांनो : शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालकच असतात. बैठकीला जा, आकडे मागा.