सावकारीचा विषय ग्रामसभेत का यायला हवा

आज आपण व्याजाच्या पैशाबद्दल बोलणार आहोत. बँकेच्या नाही, गावातल्या खासगी सावकाराच्या.

गावात ‘दहा टक्क्यांनी घेतले’ असं आपण सहज म्हणतो. हे दहा टक्के महिन्याचे असतात. म्हणजे वर्षाचे एकशेवीस टक्के. दहा हजार घेतले तर दर महिन्याला हजार रुपये नुसतं व्याज. दहा महिन्यांत दहा हजार भरून होतात, आणि मुद्दल होतं तिथंच. काही ठिकाणी पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापतात. हातात नऊ हजार येतात, व्याज मात्र दहा हजारांवर.

आता कायदा काय सांगतो ते ऐका. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा नवा कायदा आहे. त्याआधी १९४६ चा कायदा होता. नव्या कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. परवानाधारकालाही मनाला येईल तो दर लावता येत नाही. शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के. इतरांना तारणावर १५ आणि विनातारण १८ टक्के. चक्रवाढ व्याज चालत नाही. आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही.

म्हणजे दहा हजारांवर विनातारण जास्तीत जास्त व्याज महिन्याला दीडशे रुपये. कुठे दीडशे आणि कुठे हजार!

मग तक्रारी का होत नाहीत? गटाच्या बैठकांत बायका मला एकच सांगतात, ‘ताई, पोराला रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर दार त्याचंच ठोठवावं लागतं.’ शिवाय कोऱ्या कागदावर सही नाहीतर कोरा चेक त्याच्याकडे असतो. आपल्याकडे पावतीसुद्धा नसते. जुन्या काळीही हेच होतं. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, तेव्हा त्यांनी कर्जाचे रोखे हुडकून जाळले. कारण जोर त्या कागदात होता. त्यानंतर १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

आज आपल्याला कागद जाळायचा नाही, आपला कागद तयार करायचा आहे. तो म्हणजे ग्रामसभेचा ठराव. एकटी बाई तक्रार करते तेव्हा तिचं नाव होतं. ठराव होतो तेव्हा गावाचं म्हणणं होतं. त्यात कुणा कर्जदार बाईचं नाव घालायची गरज नाही.

ठरावात काय असावं? पहिलं, तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडून परवानाधारक सावकारांची यादी मागवून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. दुसरं, कायद्यातले व्याजदर त्याच फलकावर ठळक लिहावेत. तिसरं, गावात विनापरवाना सावकारी चालत असेल तर निबंधकांनी तपासणी करावी, अशी मागणी करावी, आणि ठरावाची प्रत पोलीस ठाण्याला द्यावी.

ग्रामपंचायतीला काय करता येत नाही, हेही नीट समजून घ्या. ती कर्ज माफ करू शकत नाही, व्याजदर ठरवू शकत नाही, कुणाच्या घराची झडती घेऊ शकत नाही. ते अधिकार सहकार खात्याचे आणि पोलिसांचे. कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा. चौकशीत ते खरं ठरलं तर ते व्यवहार रद्द करून जमीन परत देण्याचा आदेश काढू शकतात. आदिवासी भागातल्या मैत्रिणींनो, तुमची बाजू जास्त बळकट आहे. १९९६ च्या पेसा कायद्यात आदिवासींना होणाऱ्या सावकारीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार पंचायत आणि ग्रामसभेच्या नावानं लिहिलेला आहे.

मायक्रोफायनान्स कंपन्यांना मात्र हा सावकारी कायदा लागू नाही. त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. २०२२ च्या नियमांनुसार घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. हेही फलकावर लिहायला हरकत नाही.

कुणी म्हणेल, ‘सावकार बंद झाला तर अडीनडीला कोण देणार?’ प्रश्न खरा आहे. पण परवाना घेऊन, पावती देऊन, ठरल्या दरानं देणाऱ्याला कायदा अडवत नाहीच. आणि आपल्या गटानं दवाखान्यासाठी थोडी रक्कम वेगळी ठेवली, ती एका दिवसात द्यायची असं ठरवलं, तर रात्रीचं ते दार ठोठवायची वेळ कमी येईल. गटातलं व्याज निदान आपल्याच पेटीत परत येतं.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असं कायद्यातच आहे. पुढच्या महिला सभेत हा विषय तोंडी नको, लेखी द्या. इतिवृत्तात नोंद झाली का ते वाचून बघा, आणि ठरावाची नक्कल मागून घ्या. ती नक्कल गटाच्या फाईलला लावून ठेवा.